पट्ट्याच्या तीन कड्या

"हे काळं की हे निळं? नीट बघून सांग, पोरी. एक वाजता जेवायला पोचायचंय, तोवर मी तुझाच."

कॅप्टन ऑर्विल ईबँक्सने दोन्ही हात काउंटरवर पसरले. डाव्या मनगटावर काळ्या तबकडीचे घड्याळ, उजव्यावर निळ्या तबकडीचे. दोन्ही स्विस, दोन्ही पाणबुड्यांसाठी बनवलेली, दोन्हींना बाहेरून फिरणारी दातेरी कड. चार पावले मागे सरून बघितले तर जुळी भावंडे. काळ्याच्या किमतीत पुएर्तो लेम्पिरासारख्या किनाऱ्यावरच्या गावात घर बांधून झाले असते. निळ्याच्या किमतीत घर बांधून वर पत्रेही चांगले घालता आले असते.

ओडिला पँतिंग त्रेचाळीस वर्षांची होती आणि तिला पोरी म्हणवून घ्यायची हौस नव्हती. पण आज ती हसली. रोआतान बेटाच्या धक्क्यावर, पर्यटकांची जहाजे लागतात तिथल्या या घड्याळाच्या दुकानात एकोणीस वर्षे काढल्यावर हसणे काही अवघड राहत नाही. तिचे लक्ष घड्याळांकडे नव्हतेच. कॅप्टनच्या कमरेला कातडी पाकिटात एक जाडजूड उपग्रह फोन लटकत होता, आणि तिची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

सकाळी सातला तिला गावाहून, काउकिराहून, लुसियाचा फोन आला होता. लुसिया म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, तेओची बायको.

"ताई, तेओला पाण्याने मारलं."

"कधी?"

"सोमवारी. स्वयंपाक्याने चोरून फोन लावला होता आत्ता. कमरेखाली काही कळत नाही म्हणे. लघवी अडलीय. आणि ताई, बोट परत फिरवत नाहीयेत. नाखवा म्हणतो, मालकाचा हुकूम नाही. बोट भरल्याशिवाय यायचं नाही."

सोमवार. आज बुधवार. रोआतानच्या दवाखान्यात दाबाची कोठी होती, दुकानापासून टॅक्सीने पाच मिनिटांवर. लोखंडी टाकीसारखी ती खोली. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या माणसाला आत घालायचे, पुन्हा तेवढ्याच दाबाखाली न्यायचे आणि मग हळूहळू, तासातासाने वर आणायचे. त्याच दिवशी आणलेला माणूस कधी कधी आपल्या पायांनी बाहेर येई. दुसऱ्या दिवशी आणलेला काठी घेऊन. त्यापुढचे ओडिलाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा बाप असाच पाण्यातून वर आला आणि अकरा वर्षे झोळीत पडून गेला होता.

तेओ ज्या 'लेडी मॅव्हिस' बोटीवर शेवंडी काढायला बुड्या मारत होता, तिचा मालक कॅप्टन ऑर्विल. बोटीवर आता पाऊलही ठेवत नसला तरी सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. ओडिलाने सकाळपासून त्याच्या कचेरीत नऊ वेळा फोन केला. "साहेब बाहेर गेलेत," एवढेच उत्तर नऊ वेळा मिळाले. आणि साडेदहाला साहेब स्वतःच्या पायांनी चालत तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. देवच पावला, असे तिला त्या क्षणी वाटले. आधी याला खूश करू, मग विषय काढू. गोड बोलून काम होते, हे तिला दुकानाने शिकवले होते.

त्याला आता अर्धा तास होऊन गेला होता.

"काळं तुम्हाला शोभतं, कॅप्टन."

"शोभतं गं, पण जेवायला डेल्बर्ट असणार, आणि त्याच्याकडे अगदी हेच काळं आहे. मी तेच घातलं तर तो म्हणणार, ऑर्विलने माझी नक्कल केली. आणि निळं घातलं तर म्हणणार, ऑर्विलला काळं मिळालं नाही. तू डेल्बर्टला ओळखत नाहीस. जेवायला बसलं की आधी बाही वर करतो."

"मग निळं घ्या. हे काळ्याच्या दुप्पट खोल जातं."

"दुप्पट?" कॅप्टनचा चेहरा उजळला. "किती?"

"सहाशे मीटर."

"आणि डेल्बर्टचं?"

"तीनशे."

कॅप्टन खदखदून हसला. साठी ओलांडलेल्या या माणसाचे पोट काउंटरला टेकत होते आणि गेल्या वीस वर्षांत तो पोहण्याच्या तलावाखेरीज कुठल्या पाण्यात उतरला असेल अशी शक्यता नव्हती. "सहाशे! हे बरंय. पण थांब, हे बाजूला बारीकसं बटण कसलं? काळ्याला नाहीये."

"बटण नाही, झडप आहे ती."

"कशाला?"

हे तिला पाठ होते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने एक सोनेरी केसांची बाई शिकवायला पाठवली होती. तिने सगळ्या विक्रेत्यांकडून हे घोकून घेतले होते. ओडिला म्हणू लागली, "खूप खोलवर काम करणारे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाखाली राहतात, कॅप्टन. तिथला हलका वायू घड्याळाच्या आत शिरतो. माणूस वर येऊ लागला, दाब कमी झाला, की आतला वायू फुगतो. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडते. म्हणून ही झडप. वर येताना घड्याळाला इजा होऊ नये म्हणून."

"घड्याळाला?"

"हो."

"वा! काय लाड आहेत घड्याळाचे!" कॅप्टन कौतुकाने म्हणाला आणि झडपेवरून अंगठा फिरवू लागला.

ते शिकल्या दिवशी ओडिला मागच्या कोठारात जाऊन खोक्यांमध्ये बसली होती. माणसाच्या रक्तातही हेच होते, हे तिला त्या दिवशी उमगले होते. बापाला कुणी धरले नव्हते. त्याची आई, त्याची बायको, अख्खा गाव सांगत आला होता की लिवा मायरिनने, पाण्यातल्या बाईने, त्याला धरले. तिच्या शेवंडी जास्त काढल्या म्हणून तिने पाय मागून घेतले. आणि इकडे स्वित्झर्लंडातल्या कुणा कारागिराला घड्याळाच्या काचेची काळजी पडली होती, आणि त्याने वायूला बाहेर पडायला वाट करून दिली होती.

तिने तेओला सगळे सांगितले. तो हसला. पण तेओच्या मनात त्या बाईची भीती होती, आणि त्या भीतीपायी तो हवेच्या सहा टाक्या झाल्या की होडीत चढून बसे; नाखव्याने कितीही शिव्या दिल्या तरी सातवी पाठीवर घेत नसे. मग गेल्या हंगामाआधी आईने त्याला सुकियाकडे, गावच्या मांत्रिकाकडे नेले. धूप, दारूची बाटली, रात्रभर गाणे, आणि कमरेला काळा दोरा. आता बाई तुला हात लावणार नाही, असे सुकियाने सांगितले. बाटलीचे पैसे ओडिलानेच पाठवले होते. आईचे मन मोडायला नको म्हणून. सगळे ठाऊक असून तिने तोंडाला कुलूप लावले, आणि तेओची भीती गेली. त्यानंतर तो तेरा-चौदा टाक्या मारू लागला. हे आठवले की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

"कॅप्टन," तिने आवाज शक्य तितका हलका ठेवला, "तुमच्या लेडी मॅव्हिसवर कुणी आजारी आहे असं ऐकलं."

"कोण बोललं?" त्याने मान वर केली नाही. "हां, आहे एक जण. काल संध्याकाळी रेडिओवर कळलं. पाय गेलेत."

त्याला ठाऊक होते. सकाळपासून तिने मनाची समजूत घातली होती, की त्याच्यापर्यंत निरोपच पोचला नसेल, ते कारकून लोक पोचू देत नसतील. काल संध्याकाळपासून ठाऊक असून हा माणूस रात्री झोपला, सकाळी उठला, दाढी केली आणि निळे की काळे हे ठरवायला आला. ओडिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग बोट का नाही फिरवली?"

"कशी फिरवणार? चार दिवसांत येतेच की परत. बाईने धरलं, दुसरं काय. तुमच्याच लोकांची बाई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

"तो माझा भाऊ आहे."

आता त्याने मान वर केली. छातीवर लावलेल्या पट्टीवरचे तिचे नाव त्याने पहिल्यांदाच वाचले असावे. चेहऱ्यावर खरोखरीचे वाईट वाटणे उमटले, आणि तेच तिला सगळ्यात असह्य झाले. त्याने घड्याळवाला हात पुढे करून तिच्या हातावर थोपटले.

"अरेरे. मला माहीत नव्हतं गं. देव त्याचं भलं करो. पण तूच सांग ओडिला, बोटीवर अठ्ठावीस पाणबुडे आहेत, तेवढेच होडीवाले. एकासाठी बोट फिरवली तर बाकीच्यांनी घरी काय न्यायचं? त्यांची पोरंबाळं नाहीत? त्यांना विचार."

"विचारा ना. फोन तुमच्याच कमरेला आहे."

"संध्याकाळी सहाला रेडिओवर बोलेन मी. शब्द देतो. आता हे उरकू. निळंच घेतो. झडपवालं." त्याने काळे काढून ठेवले आणि मनगट हलवले. निळे घड्याळ कोपराकडे घसरले. "पट्टा सैल आहे, तेवढा बसवून दे. डेल्बर्टसमोर बांगडीसारखं खुळखुळायला नको."

ओडिला घड्याळ घेऊन काउंटरच्या टोकाच्या छोट्या बाकावर जाऊन बसली. पोलादी पट्ट्याच्या कड्या काढण्याचे काम दुकानात दोघांनाच येई. दुसरा माणूस ला सेइबाला बायकोच्या बाळंतपणासाठी गेला होता. मालकीणबाई, दोन्या इरासेमा, घड्याळे विकायच्या, पण स्क्रू हातात धरला की त्यांचा हात कापे.

तिने भिंग डोळ्याला लावले. पट्टा उघडून पहिली कडी काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. घड्याळ एकीकडे, पट्ट्याचे दोन तुकडे दुसरीकडे, तीन कड्या आणि इवलेसे स्क्रू मखमली तबकात. दुकानातल्या भिंतीवर पंचवीस घड्याळे होती आणि सगळी बारा वाजायला वीस मिनिटे दाखवत होती. सहाला तो रेडिओवर बोलणार. सहा आणि आत्ता यांच्यात तेओचे पाय होते.

तिने भिंग काढले आणि स्क्रूड्रायव्हर तबकात ठेवला.

"फोन करा, कॅप्टन."

"काय?"

"बोटीला फोन करा. तुम्ही करेपर्यंत मी हे जोडणार नाही."

कॅप्टन आधी हसला. मग त्याने तबकाकडे बघितले. "अगं वेड लागलंय का तुला? इरासेमा! ही तुझी बाई बघ काय करतेय!"

दोन्या इरासेमा तुरतुरत आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, गिऱ्हाइकाने आवाज चढवला की घाबरून जाणाऱ्या. "ओडिला, काय चाललंय? जोड बघू ते आधी."

"नाही जोडणार, दोन्या इरासेमा. माझा भाऊ यांच्या बोटीवर सोमवारपासून लुळा पडलाय. यांना काल कळलं. हे माझ्यासमोर उभे राहून विचारतात, निळं की काळं!"

"तो विषय वेगळा, हे काम वेगळं."

"विषय एकच आहे!" आपला आवाज एवढा मोठा आहे हे ओडिलालाही ठाऊक नव्हते. खिडकीपाशी अंगठ्या बघणारे जहाजावरचे म्हातारे जोडपे वळून बघू लागले. "सहाशे मीटर! मोडक्या होड्या आणि गंजक्या टाक्या घेऊन पोरं चाळीस मीटरवर जातात तुमच्यासाठी, कॅप्टन. कुणाच्या हाताला घड्याळ नाही. किती खोल गेलो कळायला काही नाही. श्वास ओढला आणि आला नाही, की टाकी संपली, वर या. त्यांना कुणी झडप बसवली? तुम्ही जेवायला जाताय घड्याळ घालून. घड्याळाला वर येताना त्रास होऊ नये!"

"मी पोलिसांना बोलावीन," कॅप्टन म्हणाला.

"बोलवा. त्यांनाही हेच सांगते. या पाहुण्यांनाही सांगते. ते शेवंडी खायलाच आलेत इथे."

दोन्या इरासेमांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला. कॅप्टनने हात पुढे केला, पण तबकातले ते स्क्रू मुंगीएवढे होते आणि त्याची बोटे केळ्यांएवढी. तो निघून जाऊ शकत होता. काळे घड्याळ मखमलीवर अख्खे पडले होते, तेही घालून जाऊ शकत होता. त्याने त्याच्याकडे बघितलेसुद्धा. पण ते डेल्बर्टच्या घड्याळासारखेच होते, तीनशे मीटरचे. त्याने भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितले. बारा वाजायला दहा मिनिटे.

"च्यायला," तो म्हणाला आणि कमरेचे पाकीट उघडले.

फोन घेऊन तो दाराबाहेर, उघड्या आकाशाखाली गेला. ओडिला त्याच्यामागे गेली आणि हाताच्या अंतरावर उभी राहिली. "बर्नी? ऑर्विल बोलतोय. हां. ऐक, तो आडवा पडलेला आहे ना, त्याला घेऊन ये. आत्ता. हो, फिरव बोट. किती भरलीय ते मला माहितेय रे! फिरव म्हटलं ना!" त्याने फोन बंद केला. "उद्या संध्याकाळी येईल. झालं समाधान?"

सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. सोमवारपासून दोन मिनिटे कुणाला सापडली नव्हती, आणि आता सापडली ती एका पट्ट्यासाठी. तिला आनंद झाला नाही. त्याने नकार दिला असता तर तिला निदान एका राक्षसावर रागावता आले असते. हा राक्षसही नव्हता. तेओच्या पायांपेक्षा त्याला डेल्बर्टची बाही जड वाटली, एवढेच.

ती आत आली, भिंग डोळ्याला लावले आणि काम पुरे केले. स्क्रू घट्ट बसवले, पट्टा फडक्याने पुसला, वेळ सेकंदापर्यंत जुळवली. काढलेल्या तीन कड्या छोट्या पिशवीत घालून हमीपत्राबरोबर दिल्या. घड्याळ त्याच्या मनगटावर इतके नेटके बसले की तो नकळत "बरोब्बर" म्हणून गेला.

तो गेल्यावर दोन्या इरासेमा बराच वेळ काचा पुसत राहिल्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस, ओडिला. मला तुझं कळतं. पण येऊ नकोस."

"बरं," ओडिला म्हणाली आणि छातीवरची नावाची पट्टी काढून ठेवली.

गुरुवारी सूर्य मावळायला तासभर असताना लेडी मॅव्हिस धक्क्याला लागली. चौघांनी तेओला एका फळीवर बांधून उतरवले. चार दिवसांत त्याचे गाल बसले होते आणि ओठ फुटले होते. ओडिलाला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"ताई, दुकान सोडून आलीस?"

"सुट्टी आहे आज."

"माझे पाय झोपलेत गं. उठतील ना?"

त्याच्या कपाळावरचे वाळलेले मीठ तिने पदराएवढ्या रुमालाने पुसले, पुसतच राहिली.

दवाखान्याच्या ओसरीत तरुण डॉक्टरीणबाईंनी तेओच्या तळव्यांना सुई टोचली, पोटऱ्यांना टोचली, मांड्यांना टोचली. तो छताकडे बघत होता. बेंबीपाशी टोचल्यावर तो "आई गं" म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी ओडिलाला दाराशी नेले.

"कोठीत घालतेच मी त्याला. बसता येईल, लघवीचं सुटेल. पण पाय परत येतील असं मी म्हणणार नाही. सोमवारी रात्री आणला असता तर चालत गेला असता." मग त्या कागद घेऊन तेओच्या होडीवाल्याकडे वळल्या. विन्स्लो त्याचे नाव. पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला, वर होडीत बसून तेओचे बुडबुडे बघत त्याच्यामागे वल्हवणारा. "कितव्या टाकीला झालं?"

"तेराव्या."

"खाली किती वेळ होता?"

"टाकी संपेपर्यंत."

"म्हणजे किती मिनिटं?"

विन्स्लोने डॉक्टरीणबाईंकडे बघितले. मिनिटे त्याला कुणी कधी विचारली नव्हती.

"बरं, वर आला तेव्हा किती वाजले होते? मला कोठीचा हिशेब त्यावरून लावायचाय."

"ते नाही सांगता येत, बाई."

"बोटीवर घड्याळ नाही?"

"आहे की. नाखव्याच्या खोलीत. आम्हाला तिथं जायला मनाई आहे."

डॉक्टरीणबाईंचे पेन कागदावर तसेच थांबले. विन्स्लोला त्यांची अडचण कळली. तो ओसरीच्या कडेला गेला, पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि उजवा हात लांब करून तळवा आडवा धरला. नीट आठवून त्याने तो थोडा वर नेला, मग अर्धा बोटभर खाली आणला.

"इथं होता," तो म्हणाला. "सूर्य इथं होता."

ओडिला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्या तळव्यापासून खाली पाण्याच्या रेषेपर्यंत तिने लहानपणी बाप मोजायचा तशी आपल्या हाताने एक वीत मोजली, त्याखाली दोन बोटे मोजली.

"चार," ती म्हणाली. "चारला पाच कमी असतील. लिहा."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतले. तेओला आत नेले होते; कोठीचे लोखंडी दार बंद झाल्याचा आवाज आला. विन्स्लो अजून हात तसाच धरून उभा होता.